ऑड्रेबायच्या पानावरची हिरवी खूण

बोगद्याचा कॅम्प, हिमाचल
१६ फेब्रुवारी २०२५

टॅनिया,

आणि बूट! बोंबलाच्या जागी बूट! हे सांगायला तू फोन घेतलास, मी दोन शब्द बोललो, तर लगेच ब्लॉक. वा! आता हा कागद ब्लॉक करून दाखव.

बरं, आधी रीत पाळतो. मी ठीक आहे, तू ठीक असशील, आईला सांग मी वेळेवर जेवतो. देव सगळ्यांना सुखी ठेवो, तुमच्या टीमच्या अभिनवलासुद्धा, त्याला जरा उशिरा ठेवला तरी चालेल. झाली खुशाली. आता पुढे.

पत्र मायकेल घेऊन येतोय. पालीचा मायकेल, ज्याने मला इथे कामाला लावलं. त्याला सुट्टी मिळालीय, एप्रिलपर्यंत तिकडेच आहे. तो भेटला की सांगेल, फ्लॉयड पंपावर घसरला, थोडं लागलंय. तेवढंच ऐक, जास्त खोदू नकोस. अक्षर वाकडं आलंय ते थंडीमुळे. आणि हे पत्र आईला वाचून दाखवायचं नाही. खुशालीपर्यंत वाच, बाकीचं अभ्यासाचं आहे म्हण.

तू फोनवर काय बोललीस ते माझ्या कानात अजून आहे. "दादा, नववी नापास माणसाला हे मी कसं समजावू?" आणि स्पीकर चालू होता. मागे कोणीतरी हसलं. अभिनवच असणार, इंद्रलोकच्या फ्लॅटमधल्या पोरांना हसायला भरपूर वेळ असतो. तुमची ती तिसरी, ममता, त्याला "ए, गप ना" म्हणाली तेही ऐकलं मी. तिला माझा नमस्कार सांग.

आता माझी बाजू. तू ती अर्ध्यात तोडलीस, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

जानेवारीत तू घरच्या ग्रुपवर लिंक टाकलीस. "दादा, आमच्या टीमची वेबसाईट. कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. सगळीकडे दाबून बघ आणि काय बिघडतंय ते सांग." हे तुझे शब्द आहेत. इथे कँटीनच्या मागे चढ आहे, वर एक मोठा दगड आहे, नेटवर्क फक्त त्या दगडावर येतं. तिथे बसून उघडली, तर समोर आई. मागे बांबूवर बोंबील टांगलेले, उन्हामुळे तिने डोळ्यांवर हात धरलाय, आणि वर मोठ्या अक्षरात ‘ऑड्रेबायची सुकी मासळी, उत्तन’. चार पानं. पहिल्यावर आई, दुसऱ्यावर मासळी, तिसऱ्यावर ऑर्डर, चौथ्यावर तुम्ही तिघं दात काढून उभे. खरं सांगू? मी चारही पानं पुन्हा पुन्हा उलटून बघितली. हातातला चहा गार झाला.

आम्ही इथे डोंगराच्या पोटात काम करतो, टॅनिया. आठ तास बोगद्यातलं पाणी उपसायचं आणि बाहेर आलं की राजमा. काल राजमा, आज राजमा, रविवारी राजमा आणि वर पापड. इथली निम्मी माणसं ओडिशाची, बंगालची, झारखंडची. मासळीशिवाय ज्यांच्या घशाखाली भात उतरत नाही अशी. त्यांना मी आईचा फोटो दाखवला. ओडिशाचे एक म्हातारे आहेत, आम्ही त्यांना मौसा म्हणतो. ते म्हणाले, "अरे, ये तो हमारे गाँव का सुखुआ है।" मी म्हटलं, "गाँव का नहीं मौसा, मेरी माँ का है।" त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि फोटो बोटांनी एवढा मोठा केला की आई बाजूला गेली आणि नुसते बोंबील उरले.

मग काय, सगळ्यांनी लिंक घेतली. दगडावर चढायला लाईन. प्लस दाबलं की किलो वाढतायत, खाली पैसे आपोआप बदलतायत. घरी पोरंबाळं असलेली ही मोठी माणसं प्लस दाबून हसतायत, मायनस दाबून हसतायत. ते बटण तू केलंस, मला माहीत आहे, दिवाळीत त्याच्यापायी तू जेवायला उठत नव्हतीस असं आई सांगत होती. आणि शेवटी ‘ऑर्डर करा’ दाबलं की ती मोठी हिरवी खूण गोल फिरत यायची आणि खाली लिहिलेलं: ‘तुमची ऑर्डर मिळाली आहे. धन्यवाद. – ऑड्रेबाय’. ज्यांना ते वाचता येत नव्हतं त्यांना मी वाचून दाखवलं. एकेकाला. आईच्या नावाने.

मग वाट बघणं सुरू झालं. बोगद्यातून वर आलं की कोणी ना कोणी विचारणार, "फ्लॉयड भाई, मछली निकली क्या?" मी म्हणायचो, "निकली।" कारण मला खरंच वाटत होतं निघाली. हिरवी खूण आली होती ना!

शेवटी तुला फोन केला. तू आधी काय म्हणालीस? "कुठली ऑर्डर?"

"अगं, माझ्या कॅम्पवाल्यांची. सगळ्यांना हिरवी खूण आली."

"दादा, ती सगळ्यांनाच येते! काही न भरता दाबलं तरी येते!" आणि हसलीस.

मग ते समजावलंस. ऑर्डर कुठेच जात नाही, ज्याने दाबली त्याच्याच मोबाईलमध्ये राहते, सरांनी फक्त पुढचं दिसणारं करायला सांगितलंय, मागचं पुढच्या वर्षाला आहे. मी ते समजलो, टॅनिया. नापास आहे, ठोंब्या नाही. म्हणजे गिऱ्हाईक दुकानात आलं, त्याने चिठ्ठी लिहिली, आणि तुमच्या दुकानाने ती चिठ्ठी त्याच्याच खिशात परत कोंबून "मिळाली" म्हटलं. तुमच्या कॉलेजात ह्याला प्रोजेक्ट म्हणतात. उत्तनच्या बाजारात ह्याला काय म्हणतात ते आईला विचार.

बरं, चूक झाली तर झाली. पण त्यावर उपाय काय काढलात? मासळीच काढून टाकायची! अभिनव म्हणतो, सेम कोड चालतो, फक्त फोटो आणि नावं बदलायची. बोंबील सहाशे रुपये किलो, तिथे बूट सहा हजार रुपये जोडी. मासळी म्हणे परीक्षकांसमोर डाउनमार्केट दिसते. आणि त्याच्यावर तू काय म्हणालीस? "टीमचा निर्णय आहे."

टीम कोणाच्या अंगणात फोटो काढायला आली होती? तो अभिनव ज्या खाटेवर बसून कोळंबीचं लोणचं चाटत होता ती खाट कोणाची? फोटो तूच पाठवलेलास. तेव्हा वास नाही आला त्याला?

आणि मी कुठेच टिकलो नाही हेही ऐकवलंस. गोराईचं हॉटेल सोडलं, खरं आहे. मुर्ध्याचं गॅरेज सोडलं, खरं आहे. बर्फाच्या कारखान्यात तर महिनाभरही नव्हतो, तिथे बोटं बधिर व्हायची आणि शेठ बधिरच होता. पण इथे टिकलोय. ही माझी दुसरी थंडी आहे. आणि टिकायचं तर माणसाला तोंड दाखवता आलं पाहिजे. ते तोंड तुझ्या हिरव्या खुणेने घालवलं.

आता ऐक, मला काय पाहिजे.

ते पान काढायचं नाही. बूट येणार नाहीत. ‘हा फक्त नमुना आहे’ अशी मुंगीएवढ्या अक्षरातली ओळसुद्धा टाकायची नाही, अभिनवने तो उपाय आतापर्यंत काढलाच असेल. ती खूण खरी करायची. कशी करायची ते मला येत नाही, ते तू बघ, शिकतेस तू. मला एवढंच कळतं की आईकडे मोबाईल आहे आणि त्यावर दिवसभर गुलाबाची फुलं आणि गुड मॉर्निंग येतात. तेवढी फुलं येतात तर चार ऑर्डरी का येऊ शकत नाहीत?

आणि ज्यांनी दाबून ठेवलंय त्यांची मासळी मायकेलबरोबर आली पाहिजे. कोणाला किती ते मी एकेकाच्या मोबाईलमधून बघून मायकेलला लिहून दिलंय. पैसे माल हातात पडल्यावर. आईला म्हण, गिऱ्हाईक भरवशाचं आहे. माझं नाव नको सांगू.

आता तू म्हणशील, एवढं काय पेटलंय. मायकेल तुझ्यासमोर पाच मिनिटं खोटं बोलू शकत नाही, म्हणून मीच लिहून टाकतो. मी पंपावर घसरलो नाही.

सूरज म्हणून झारखंडचा एक आहे. भला माणूस, पण तोंड फाटकं. त्याने तीन किलो सुकट दाबली होती आणि बायकोला फोन करून सांगितलं पण होतं. परवा जेवणाच्या लाईनीत सगळ्यांसमोर म्हणाला, "ये फ्लॉयड की ऑड्रेबाय पक्की फ्रॉड औरत है, घर बैठे सबको टोपी पहना दी।" मला म्हणाला असता तर ऐकून घेतलं असतं. आईला म्हणाला. मी ठोसा मारला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. ते माझ्या लक्षात राहिलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली, म्हणजे आहेत, पण पट्टीत आहेत. मग त्याने मारलं, मला हेल्मेट नव्हतं. ओठाला टाके पडलेत. म्हणून ह्या रविवारी आईचा फोन उचलला नाही, आवाजावरून तिला कळलं असतं. ठेकेदाराने मला पंपावरून काढून मलबा उचलायला लावलंय आणि आठवड्याची मजुरी कापलीय.

मला पस्तावा नाही. आज परत बोलला तर आज परत मारीन. हेल्मेट काढायला सांगून मारीन.

मायकेल खाली जीपचा हॉर्न वाजवतोय, पण एक अजून लिहायचंय. ते लिहायचं नव्हतं.

सगळ्यात पहिली ऑर्डर माझी होती. कोणाला दाखवायच्या आधीची. त्या पानावर खाली एक चौकोन आहे, ‘काही निरोप असल्यास’. तो तू कशाला ठेवलास माहीत नाही, पण ठेवलास. मी भरलं, नाव फ्लॉयड, बोंबील दोन किलो. आणि निरोपात लिहिलं, ‘आई, पावसाच्या आधी घरी येऊ का, कळव.’

फोनवर ते तोंडातून निघत नाही. मी निघालो तेव्हा ती काय बोलली आणि मी काय बोललो ते आम्हा दोघांना माहीत आहे, इथे परत लिहीत नाही. तेव्हापासून "जेवलास का", "जेवलो", एवढ्यावरच आमचा फोन चालतो. चौकोनात लिहिणं सोपं गेलं. दाबलं, हिरवी खूण आली, मिळाली आहे, ऑड्रेबाय.

मी वाट बघितली, टॅनिया. रविवारी तिचा फोन आला की वाटायचं आता बोलेल. ती विचारायची जेवलास का. मला वाटलं, तिने वाचलं आणि तिला उत्तर द्यायचं नाही. मला वाटलं, हेच उत्तर. महिनाभर मी ते उत्तर घेऊन बोगद्यात जातोय आणि येतोय. आणि मग तू हसून सांगतेस, दादा, ते तुझ्याच मोबाईलमध्ये आहे.

म्हणून ओरडलो. बुटांसाठी नाही ओरडलो. बरं, बुटांसाठी पण ओरडलो.

ते पान काढून तर बघ.

फ्लॉयड



कॅम्प, हिमाचल
२३ एप्रिल २०२५

टॅनियाबाय,

तू मला ब्लॉकमधून काढलंस, तरी मी कागदावरच लिहिणार. इथे मी काय खोडतोय ते कोणाला दिसत नाही. आईला काय काय खुशाली सांगायची ती तिला थेट सांगून झालीय, तुला वेगळी मिळणार नाही.

पहिलं भांडण हे की मी साफ लिहिलं होतं, पत्र आईला वाचायचं नाही. तू अख्खं वाचलंस. हेल्मेटसकट! आई हेल्मेटवर हसली असं वर लिहितेस. तुझ्यावर भरवसा ठेवायचा तरी कसा?

मार्चमध्ये तुझा तो एकच मेसेज आला ना, "उद्या अकरा वाजता. दगडावर. सगळे. नवीन लिंक नाही, तीच आहे," तेव्हा मी आधी ठरवलं की जायचं नाही. सव्वा महिना तोंड बंद ठेवायचं आणि मग हुकूम सोडायचा! मग सूरजला सांगायला गेलो. ठोशानंतर आम्ही बोललो नव्हतो. मी म्हटलं, "कल ग्यारह बजे ऊपर आ। आना है तो आ।" तो म्हणाला, "फिर टोपी?" मी म्हटलं, "तू हेल्मेट पहन के आ।"

त्या दिवशी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवताना काय झालं ते तू पत्रात लिहिलंस, मी ते मौसांनाही हिंदी करून सांगितलं. अभिनवच्या लॅपटॉपमध्ये बुटांचं सगळं तयार, तो पुढे जाऊन उभाही राहिला, आणि तू म्हणालीस थांब, मत घेऊ. ममताने हात वर केला. दोन विरुद्ध एक. आता झाला टीमचा निर्णय! मग तू मासळी लावलीस आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाने विचारलं, मागे ह्या कोण बसल्यात? तू म्हणालीस, "सर, ह्या आमच्या क्लायंट." आई, कॉम्प्युटर लॅबमध्ये, मोबाईल हातात धरून! हे मला बघायला मिळालं नाही ह्याचा राग मी अभिनववर काढणार आहे, तयार राहायला सांग त्याला.

आता इकडचं ऐक, ते तुला माहीत नाही.

दगडावर तेव्हा बोगद्यातून वर आलेली पाळी होती, सगळे चिखलात. फोरमन खालून ओरडत होता, "क्या मीटिंग है?" मौसांनी पहिलं दाबलं. आम्ही सगळे त्यांच्या मोबाईलवर वाकलो. हिरवी खूण आली नाही. मी मनात म्हटलं, मेलो. पण त्याच्या जागी मेसेजचं पान उघडलं, वर आईचं नाव, आणि खाली सगळं आधीच लिहिलेलं, कोण, कुठून, काय, किती. नुसतं पाठवायचं. आणि पानावर तू साधं लिहिलेलंस, ‘अजून ऑर्डर गेलेली नाही. पाठवलीत की ऑड्रेबाय स्वतः उत्तर देईल.’ मी ते मोठ्याने वाचलं. सूरज म्हणाला, "ये ठीक है। पहले ही बोल दिया।"

मौसांनी पाठवलं. मग बाकीच्यांनी. वारा चालू होता आणि सगळे हात पुढे धरून मोबाईलकडे बघत उभे, जसे कोणी त्यावर आत्ता बोंबील टाकणार आहे.

आणि मौसांच्या मोबाईलमधून आई बोलली.

आईला टाइप करता येत नाही हे मी विसरलोच होतो. "हां, कोन मौसाजी? मिल गया हाय. एक किलो बोंबील. अच्छा वाला भेजती. धूप में सुखाया हाय." तिचं ते हिंदी! मौसा मोबाईलला हात जोडून म्हणाले, "जी, माताजी।" मग दुसऱ्याच्या मोबाईलमधून आई, मग तिसऱ्याच्या. प्रत्येकाला वेगळं. सूरजला म्हणाली, "सूरज कोन हाय? तूच हाय ना हेल्मेटवाला? मिल गया. तुजी सुकट मैं खुद निवडती." तो लाल झाला आणि हेल्मेट काढून डोकं खाजवायला लागला. सगळा दगड हसला. तुमच्या लॅबमध्येही सगळे हसत होते, मागे ऐकू येत होतं.

मी पण पाठवलं. दोन किलो बोंबील. निरोपाच्या चौकोनात जे होतं ते बदललं नाही, जानेवारीपासून तसंच पडलं होतं, तसंच गेलं.

माझ्या मोबाईलवर उत्तर यायला वेळ लागला. म्हटलं, नेटवर्क गेलं. म्हटलं, तुमची वेळ संपली असेल. मग आलं. मी कानाला लावायला पाहिजे होतं, पण बोटं अजून धड वळत नाहीत, ते मोठ्याने वाजलं.

"फ्लॉयड, मिळाला निरोप. घरी यायला इचारतोस काय? दार बंद हाय का तुला? न्हाय ना? मग!"

बस्स. एवढंच. मागे तुमचे सर म्हणत होते, "मॅडम, जरा हळू."

सगळे मला विचारायला लागले, "क्या बोली? क्या बोली?" मराठी त्यांना कळलं नव्हतं. मी म्हटलं, "बोली कि भाव कम नहीं होगा।" आणि कँटीनच्या मागे जाऊन तोंड धुतलं. पाणी बर्फासारखं होतं, म्हणून डोळे लाल झाले. हे पण आईला वाचून दाखवणार असशील तर पाण्याचं नीट वाच.

मायकेल दोन गोणी घेऊन परवा पोचला. गाडीतली माणसं म्हणे नाकाला रुमाल बांधून बसली होती. टीसीने विचारलं, "इसमें क्या है?" मायकेल म्हणाला, "मछली।" टीसी म्हणाला, "मर गई है क्या?" मायकेल म्हणाला, "साहब, जनवरी में।" पुढच्या वेळी तो नाही आणणार म्हणतो. आणेल, त्यालाही सुकट लागते.

प्रत्येकाचं वेगळं पुडकं, जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेलं, आईचीच गाठ, दातांनी सोडवावी लागते. आमच्या कँटीनवाल्या पंडितजींनी कढई दिली नाही. मग पंपाच्या मागे तीन दगड मांडून पत्र्यावर बोंबील भाजले. साईट इंजिनीअर धावत आला, त्याला वाटलं केबल जळतेय. अर्ध्या तासाने तोही पत्र्याजवळ बसलेला होता. चेन्नईचा आहे. त्याला लिंक दिलीय. आणि मला सोमवारपासून पंपावर परत घेतलंय. त्याचं कारण बोंबील आहेत की माझं काम, ते मी विचारलं नाही.

सूरजने पुडकं उघडलं, वास घेतला आणि पुडकं घेऊन गेला. संध्याकाळी आला आणि म्हणाला, "ऑड्रेबाय को बोल, अगली बार पाँच किलो।" मी म्हटलं, "मुझे क्यों बोलता है? बटन दबा।"

तुमच्या सरांनी मार्क कापले, कारण मेसेजवर ऑर्डर पाठवणं त्यांनी शिकवलेलं नव्हतं. कापू देत. बटण तुझं आहे, आणि ते चालतं. पुढच्या वर्षी ते मागचं शिकलीस की तेही कर, पण जे लिहिशील ते होऊ दे. आणि अभिनव सगळीकडे सांगत फिरतोय की टीम लीडर तोच होता, ह्यावर चिडू नकोस. त्याच्या मम्मीने वाकट्या मागवल्यात म्हणालीस. द्या. पैसे आधी घ्या.

आई म्हणते, एवढ्या ऑर्डरी आल्या तर पावसाच्या आधी माल बांधायला माणूस लागेल, दोन हात कमी पडतात. हे ती मला सांगत नाही, तुला सांगते, आणि तू मला लिहितेस. माझ्या हाताची बोटं तोपर्यंत बरी होतील असं डॉक्टर म्हणतो. मी कायमचा येतोय असं कोणी समजू नका. इथे माझं काम आहे आणि इथल्या माणसांना माझ्याकडून बोंबील घ्यायचेत. पण मेच्या शेवटी येतोय. आता विचारत नाही, सांगतोय.

तर हिशेब. सगळ्यांनी रोख दिले, कोणी घासाघीस केली नाही. माझ्या दोन किलोचेही त्यात घातलेत, मी आईच्या दुकानात फुकट खात नाही. चौदा हजार चारशे झाले. त्यातले नऊशे मी काढून घेतले. तिकीट काढलंय, वेटिंग नाही, पक्कं आहे. आईने विचारलं पैसे कमी का, तर हे एवढंच तिला मोठ्याने वाचून दाखव. ह्या वेळी मीच सांगतोय, वाच.

तुझा नववी नापास भाऊ,
फ्लॉयड

आईच्या खात्यात पाठवतोय, तेरा हजार पाचशे.